पाचपर्यंत हरकत नसल्यास

३ ऑक्टोबर, सोमवार

परिषद सुरू झाली. त्या निमित्ताने ही नवी वही. एकतीस वर्षं परराष्ट्र खात्यात करारांचे मसुदे सांभाळले, पण दैनंदिनी कधी ठेवली नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय. एकाहत्तर देशांचे प्रतिनिधी आमच्या शहरात जमलेत आणि माणसाचं क्लोनिंग करायला जगभर बंदी घालायची आहे. म्हणजे एका माणसाच्या शरीरातली पेशी घेऊन तिच्यापासून हुबेहूब तसाच दुसरा जन्माला घालायचा, ते. असं करू नये याबद्दल एकाहत्तरांपैकी एकाचंही दुमत नाही. काम तीन दिवसांत आटपेल.

मी मसुदा समितीचा सचिव. मसुद्यातला जो शब्द एखाद्या देशाला मान्य नसेल तो चौकोनी कंसात टाकायचा आणि वाद मिटला की कंस काढायचा, हे माझं काम. सकाळी कंस होते एकसष्ट. संध्याकाळी सहासष्ट. सुरुवातीला असं होतंच.

ही वही इतिहासाला उपयोगी पडेल, असं घरी सांगितलं. बायको म्हणाली, "इतिहासाला तुमचं अक्षर लागेल का?" ताई हसली. ताई हल्ली फारशी हसत नाही, त्यामुळे बरं वाटलं.

५ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस झाले आणि घोडं पहिल्याच कलमावर अडलंय. बंदी सगळ्यांना हवी, पण कशावर? निम्मे म्हणतात, मूल जन्माला घालण्यावर बंदी पुरे. प्रयोगशाळेत पेशी वाढवून औषधं शोधणाऱ्यांना त्रास नको. यांना मी मनात मर्यादितवाले म्हणतो. उरलेले म्हणतात, एकदा दार किलकिलं केलं की कोण काय घेऊन आत शिरेल सांगता येत नाही, तेव्हा सगळंच बंद. हे सरसकटवाले. दोन्हीकडची माणसं सुजाण आहेत, तळमळीची आहेत आणि चहाच्या सुट्टीत एकाच बशीतली बिस्किटं खातात. आत आली की एकमेकांकडे बघत नाहीत.

आमच्या सरकारची भूमिका अशी की यजमानाने भूमिका घेऊ नये. ती मी ठामपणे मांडतो.

अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त राजदूत, वय अठ्ठ्याहत्तर, कानाला यंत्र. भाषण लांबलं की ते हळूच यंत्र बंद करतात आणि चेहऱ्यावर असा भाव आणतात की बोलणाऱ्याला वाटावं, आपण यांच्या काळजालाच हात घातला. आज एका तज्ज्ञाने सांगितलं की असं मूल अजून कोणी जन्माला घालून दाखवलेलं नाही, पण करून देतो म्हणणारे चार दवाखाने आहेत आणि त्यांच्याकडे रांग आहे. अध्यक्षांनी हसून मान डोलावली. यंत्र बंद होतं.

जेवताना हे सगळं घरी सांगितलं. बायको शाळेत गणित शिकवते. ती उत्तरपत्रिका तपासत होती. ताई मात्र घास हातात धरून ऐकत होती. म्हणाली, "बंदी कधीपासून लागू होणार?"

एकतीस वर्षांत या घरात कोणी मला एखादा करार कधीपासून लागू होणार असं विचारलेलं नाही. मी तिला सह्या, मंजुरी, मुदती, सगळं नीट समजावून सांगितलं.

"म्हणजे अजून वेळ आहे," ती म्हणाली.

"भरपूर," मी म्हणालो.

६ ऑक्टोबर, गुरुवार

आज मौनाची पद्धत वापरली, म्हणून नोंद. मसुदा सगळ्यांना वाटायचा आणि खाली लिहायचं, 'अमुक दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत हरकत न आल्यास मंजूर समजण्यात येईल.' कोणी बोललं नाही की झालं काम. हात वर करायला नको, मतमोजणी नको, कोणाचा चेहरा पडायला नको. ज्याला आतून मान्य नाही पण चारचौघांत तसं म्हणायचंही नाही, त्याची तर फारच सोय. प्रस्तावनेचे दोन परिच्छेद आज असे सुटले.

ही पद्धत मी घरीही वापरत आलोय. दिवाणखान्याचा हिरवा रंग असाच ठरला. बायको म्हणते तिने हरकत घेतली होती. घेतली होती, पण पाच वाजून गेले होते.

मी लिहितोय ती खोलीही अशीच मिळाली. ही कप्तानची खोली. कप्तान म्हणजे ताईचा मुलगा, माझा भाचा. लहानपणी अंघोळीच्या बादलीत बसून सगळ्या घराला हुकूम सोडायचा, म्हणून कप्तान. तो तीन वर्षांचा असताना ताईचे यजमान गेले, तेव्हापासून मायलेकरं आमच्याकडेच. आम्हाला मूल नाही. सोळाव्या वर्षी त्याला रक्ताचा आजार निघाला आणि चार महिन्यांत तो गेला. या महिनाअखेरीला पाच वर्षं होतील.

सहा महिने लोटल्यावर मी जेवताना म्हणालो होतो, ती खोली रिकामीच आहे, माझं टेबल तिथे हलवतो, कोणाची हरकत असेल तर रविवारपर्यंत सांगा. कोणी काही बोललं नाही. सोमवारी टेबल आलं, फायलींचं कपाट आलं. घरात त्याचा विषय काढायचा नाही, हेही तसंच ठरलं. म्हणजे ठरलं असं नाही, पण मी त्याचं नाव घेणं बंद केलं आणि कोणी हरकत घेतली नाही. ताईला त्रास नको, एवढाच हेतू. तिने मात्र सगळं फार शांतपणे घेतलंय.

१० ऑक्टोबर, सोमवार

कंस एकोणऐंशी.

संध्याकाळी ताई चहा घेऊन या खोलीत आली. एरवी ती उंबऱ्यापाशी कप देते आणि जाते. आज आत आली, कपाटाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बंदी लागू व्हायच्या आधीच कोणी सुरुवात केली असेल तर? म्हणजे मूल पोटात असेल, आणि मग तुमची बंदी आली. त्या मुलाचं काय करणार तुमचे लोक?"

मी कप खाली ठेवला. एकाहत्तर देश, दोनशे माणसं, त्यांतले तीस कायदेपंडित, आणि हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही!

"ताई," मी म्हणालो, "तू खात्यात यायला हवी होतीस."

"अरे, उत्तर सांग ना," ती म्हणाली.

उत्तर नव्हतंच. उद्या तयार करतो.

११ ऑक्टोबर, मंगळवार

आजचा दिवस माझा. मी समितीपुढे नवं कलम ठेवलं. बंदी लागू झाल्यावर नव्वद दिवसांची सवलत. त्या मुदतीत ज्यांचं मूल वाटेवर आहे त्यांच्यावर कारवाई नाही, आणि त्या मुलाला इतर कोणत्याही मुलासारखे सगळे हक्क. अध्यक्षांनी यंत्र चालू केलं आणि म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. एक सरसकटवाले आणि एक मर्यादितवाले एकाच वेळी मान डोलावताना दिसले. दोघांच्याही लक्षात आल्यावर दोघांनी डोलावणं थांबवलं.

कल्पना ताईची, हे सांगितलं नाही. आंतरराष्ट्रीय परिषदेत बहिणीचं नाव कसं घेणार?

घरी येऊन ताईला म्हणालो, "झालं तुझं काम. नव्वद दिवस पुरतील ना?" गमतीत हो. ती म्हणाली, "बघू."

१३ ऑक्टोबर, गुरुवार

ताईला आज दोन पत्रं आली. एक इथल्या रुग्णालयाचं, जिथे कप्तान होता तिथलं. दुसरं परदेशातलं, जाडजूड पाकीट, त्यावर हसऱ्या बाळाचा फोटो आणि कुठल्याशा दवाखान्याचं नाव. ताईने दोन्ही माझ्या हातातून घेतली आणि पदराखाली धरली.

मी दोन आणि दोन चार केले. ताईचा गुडघा. अठ्ठावन्न वय झालं, जिने चढताना थांबते, आणि आमच्या जिवाला घोर नको म्हणून बोलत नाही. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले असतील, म्हणून बाहेर चौकशी चालवलीय. हल्ली गुडघ्याच्या दवाखान्यांनाही पाकिटावर हसरं बाळ लागतं. जाहिरातवाल्यांपुढे कोणाचं काय चालणार!

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

येताना ताईसाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा आणला. उत्तम प्रतीचा, आतून लोकर. ती पट्ट्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "छान आहे रे." डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणजे दुखणं चांगलंच दिसतंय.

नंतर बायको म्हणाली, "अहो, त्यांचा गुडघा नाही दुखत."

"मग काय दुखतं?"

"तुम्ही सचिव ना? काढा शोधून."

शिक्षकांना सरळ उत्तर देण्याची सवयच नसते.

१७ ऑक्टोबर, सोमवार

कंस चौऱ्याण्णव. 'आणि' हा शब्दसुद्धा आज कंसात गेला.

कॉफीचं यंत्र अडकलं म्हणून बेटावरच्या बाईंशी ओळख झाली. त्यांचा देश म्हणजे समुद्रातलं एक बेट, एवढं लहान की नकाशावर त्याचं नाव समुद्रातच लिहावं लागतं. त्यांची जागा सगळ्यात शेवटी, खांबामागे. साठी उलटलेली, एकटीच आलेली बाई. दोन आठवड्यांत एक शब्द बोललेली नाही. मी यजमान या नात्याने विचारलं, "आपली भूमिका काय?"

"मी स्वतःच प्रत आहे," त्या म्हणाल्या.

जुळ्या बहिणींतली एक, असं निघालं. "आईसुद्धा फसायची, इतक्या आम्ही सारख्या," त्या सांगत होत्या. "नऊ वर्षांच्या असताना बहीण तापाने गेली. आई वाईट नव्हती हो. पण त्यानंतर मी खोलीत शिरले की तिचा चेहरा आधी खुलायचा आणि मग पडायचा. क्षणभरात. दर वेळी. मी केस कापले, लग्न केलं, नोकरीला लागले, पन्नाशीची झाले, तरी तेच. शेवटी मी घरात शिरण्याआधी बाहेरूनच हाक मारायला लागले, 'मी आलेय गं, मी!' म्हणजे कोण आलेलं नाही ते तिला आधीच कळावं."

मी म्हणालो, "हे फार महत्त्वाचं आहे, पण मसुद्यात कुठे बसवावं कळत नाही."

"म्हणून तर मी बोलत नाही," त्या म्हणाल्या. तेवढ्यात यंत्र सुरू झालं.

जेवताना ही हकीकत घरी रंगवून सांगितली. बाईंची हाकसुद्धा हुबेहूब मारून दाखवली. नकला मला बऱ्या जमतात. 'कोण आलेलं नाही ते' इथपर्यंत आलो आणि ताई ताटावरून उठली. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत राहिला. मी वॉशर बघायला उठलो तर बायकोने माझा हात धरून खाली बसवलं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी ताई म्हणाली, "त्या बाईंना घरी बोलाव."

"कशाला?"

"परक्या गावात एकट्या आल्यात ना."

मला यजमानपद शिकवणारी ही पहिलीच व्यक्ती. पण मुद्दा बरोबर होता.

२० ऑक्टोबर, गुरुवार

बेटावरच्या बाई चहाला आल्या. दारातून त्यांनी हाक मारली, "मी आलेय!" सवय दिसते. ताईने दार उघडलं आणि दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना नुसत्याच उभ्या राहिल्या. बसा, या, काही नाही. मग ताईनेच त्यांचा हात धरून आत आणलं.

मी परिषदेतली गंमत सांगायला सुरुवात करतोय तोच ताई म्हणाली, बोळातला दिवा गेलाय, जरा आणतोस का? मी म्हणालो, उद्या आणतो. बायको म्हणाली, आत्ता आणा. पाहुणे असताना उजेड हवा हे खरं, पण दुपारचे चार वाजले होते. गेलो. दुकानात रांग. आणलेला दिवा बसेना, परत गेलो, बदलून आणला. सव्वा तास मोडला.

परत आलो तेव्हा दोघींचे डोळे लाल आणि दोघी हसत होत्या. टेबलावर एक कागद होता, त्यावर खाडाखोड केलेली दोन ओळींची काहीतरी वाक्यं. पाककृती असावी. बाईंनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. निघताना मला म्हणाल्या, "तुमच्या ताईने मला एक प्रश्न विचारला. साठ वर्षांत कोणी विचारला नव्हता."

"कोणता?"

"आईने बहिणीला न शोधता तुला तुझ्याच नावाने हाक मारली असती, तर गेली असतीस का?"

"मग?"

"धावत, म्हटलं."

बायका दोन घटकांत कुठल्या कुठे पोचतात. आम्ही सतरा दिवसांत कलम एकवर आहोत. बाकी नवा दिवा लावून बघितला. जुनाही चालतच होता.

२४ ऑक्टोबर, सोमवार

परिषद संपली. शेवटचे कंस एकशे तीन. तोडगा अध्यक्षांनीच काढला. ज्या वाक्यांभोवती कंस होते ती सगळी गाळली, उरलं त्याला करार न म्हणता जाहीरनामा म्हटलं. उरली प्रस्तावना आणि यजमानांचे आभार. पाळायचं बंधन कोणावर नाही. बंदीची तारीखच नाही, तेव्हा माझी नव्वद दिवसांची सवलतही गेली.

हा जाहीरनामा मौनाच्या पद्धतीने ठेवला होता, आज पाचपर्यंत. पाचला दहा कमी असताना खांबामागून हात वर आला. बेटावरच्या बाई. सगळे वळले. निम्म्यांना तिथे कोणी बसतं हेच माहीत नव्हतं. अध्यक्षांनी यंत्र चालू केलं. बाई उभ्या राहिल्या आणि घडी घातलेल्या कागदावरून वाचलं, "गेलेल्याची जागा भरायला कोणत्याही मुलाला जन्माला घालू नये, आणि जन्माला आलेल्या मुलाला कोणाची जागा भरायला लावू नये." एवढं वाक्य घालावं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे माझं एकटीचं नाही. इथल्या एका मैत्रिणीबरोबर लिहिलंय."

सरसकटवाल्यांनी मर्यादितवाल्यांकडे बघितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. कोणाला काही कंसात टाकता येईना. पाच वाजले. मंजूर.

ही मैत्रीण कोण, याचा मी विचार करतोय. परिषदेत तर बाई माझ्याशिवाय कोणाशी बोलल्या नाहीत.

घरी येऊन ताईला सांगितलं, "तुझे नव्वद दिवस गेले गं." मला खरंच वाईट वाटत होतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "नाही लागणार."

२६ ऑक्टोबर, बुधवार

आज रजा. दुपारी टेबलावर एक कागद सापडला. कागद म्हणजे ते बाळाच्या फोटोचं पाकीट, उसवून सरळ केलेलं. मागच्या बाजूला ताईचं अक्षर. जसंच्या तसं उतरवतो.

'मसुदा.

१. परदेशातल्या दवाखान्याशी नोव्हेंबरची वेळ ठरवली होती. रुग्णालयात ठेवलेल्या कप्तानच्या पेशी त्यांना द्यायच्या, दुसऱ्या एका बाईच्या पोटात मूल वाढणार, आणि मी ते घेऊन येणार, असं होतं. ती वेळ मी रद्द केली आहे. ते लोक त्याच्यासारखा मुलगा होईल म्हणत होते. मी मनात तोच येईल असं ऐकत होते. जो आला असता, त्याने दारातून आत येताना माझं तोंड बघितलं असतं.

२. रुग्णालयाचं पत्र आहे की पाच वर्षं झाली, पेशी ठेवायच्या असतील तर एकतीस तारखेपर्यंत कळवा, उत्तर न आल्यास नष्ट करू. मी उत्तर देणार नाही.

३. खोलीतलं कपाट हातभर डावीकडे सरकवावं. मागे भिंतीवर त्याच्या उंचीच्या खुणा आहेत.

उद्या संध्याकाळी पाचपर्यंत हरकत नसल्यास मंजूर समजावं.'

मी खाली बसलो. मग ही वही उघडली आणि पहिल्यापासून वाचली. बंदी कधीपासून लागू होणार. म्हणजे अजून वेळ आहे. पोटात मूल असेल तर. बघू. सगळं मीच लिहून ठेवलंय, तारखेसकट, आणि एक अक्षर मला लागलेलं नाही. मी तिला लोकरीचा पट्टा आणून दिला. नव्वद दिवस पुरतील ना, विचारलं, हसत विचारलं. माझी मलाच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बायको दारात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "तुला माहीत होतं."

"पाकिटावर बाळ होतं हो," ती म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सांगायला हवं होतं. आणि तुम्ही विचारायला."

२७ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळपासून मसुदा समोर. आधी सवयीने शब्द सुधारायला घेतले. 'सरकवावं'च्या जागी 'हलवावं' बरं का, यात वीस मिनिटं घालवली. मग पेन ठेवून दिलं.

कलम एकला हरकत घेणारा मी कोण? कलम तीनसाठी पाचची वाट बघण्यात अर्थ नव्हता. फायली काढल्या, बायकोने एक बाजू धरली, कपाट सरकलं. मागे पेन्सिलीच्या रेघा, तारखा, त्याच्या वाकड्या अक्षरात. सगळ्यात वरची माझ्या भुवईच्या वर. साडेचार वर्षं या खुणांना पाठ लावून मी जगभरचे वाद मिटवत बसलो होतो.

घोटाळा कलम दोनचा. त्यात चूक काहीच नव्हती. गप्प राहायचं, तारीख उलटेल, आपोआप होईल. अगदी माझीच पद्धत. नेमकं तेच घशाखाली उतरेना.

पाचला आठ मिनिटं असताना स्वयंपाकघरात गेलो. ताई भाजी निवडत होती.

"हरकत आहे," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. "कशाला?"

"दोन नंबरला."

"ठेवायच्या म्हणतोस?" तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"नाही. ठेवायच्या नाहीत. पण असं गप्प राहून नको, ताई. तो गेला तेव्हापासून मी गप्प आहे, आणि तू गप्प म्हणून तू ठीक आहेस असं धरून चाललोय. खोली घेतली, त्याचं नाव घेणं सोडलं, सगळं त्याच हिशेबाने. ते चुकलं माझं. आपण दोघं रुग्णालयात जाऊ. खिडकीशी उभं राहून तोंडाने सांगू. सही करू."

ताई काही बोलली नाही. मी म्हणालो, "आता तू गप्प राहिलीस तर मी काय समजायचं?"

ती रडता रडता हसली. "समज काही नको. मी येतेय."

बाहेरच्या खोलीतून बायको म्हणाली, "चार वाजून चोपन्न मिनिटं. हरकत मुदतीत आहे."

मग मी ताईला एक गोष्ट सांगितली. भिंतीवरची शेवटची खूण खोटी आहे. त्याने टाचा उचलल्या होत्या. पेन्सिल माझ्या हातात होती, मी खाली बघितलं नाही असं दाखवलं आणि मामा-भाच्यांनी कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

"दोन बोटं," ताई म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, उंच होतोय तर होऊ दे."

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

रुग्णालयात गेलो, ताई आणि मी. ताईने गुडघ्याला पट्टा बांधला होता. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, "नाही रे, तू आणलायस म्हणून."

नमुन्यांची खिडकी तळमजल्यावर, काचेची, खाली कागद सरकवायला फट. आमच्यापुढे चार माणसं. आमची पाळी आली. आतल्या बाईंनी वर न बघता विचारलं, "रुग्णाचं नाव?"

मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. एकाहत्तर देशांपुढे कलमं वाचणारा माणूस मी. ताईकडे बघितलं. ती सांगू शकली असती. ती थांबली.

मी नाव घेतलं. कप्तान नव्हे, त्याचं खरं नाव.

"मोठ्याने बोला, काचेतून ऐकू येत नाही."

पुन्हा घेतलं.

"पूर्ण सांगा. वडिलांचं नाव, आडनाव."

मी काचेला तोंड लावून ओरडलोच. मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. बाईंनी वर बघितलं, वहीत शोधलं, म्हणाल्या, "हो. आहे." मग अर्ज दिला. ताईने सावकाश वाचला आणि सही केली. साक्षीदाराच्या जागी मी केली. नात्याच्या रकान्यात 'मामा' लिहिलं.

बाहेर पडून फाटकापर्यंत आलो. ऊन चांगलं होतं. ताई माझा दंड धरून चालत होती. मध्येच थांबली.

"काय?" मी विचारलं. "बसतेस का?"

"नाही. अजून एकदा म्हण."

इथे काच नव्हती. तरी मी मोठ्याने म्हटलं.